जोतं, साज आणि रेखा गावंडे

नवरा गेलेल्या बाईचा हेवा वाटावा, ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही. अशा बाईबद्दल हळहळतात, तिच्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि हळदीकुंकवाला तिचं नाव सोयीस्करपणे विसरतात. मला मात्र रेखा गावंडेचा हेवा वाटायचा. ती आमच्या ऑफिसात आली त्या दिवशी तो सुरू झाला आणि अजून संपला आहे असं मी म्हणणार नाही.

अमरावतीतल्या एका मुलींच्या शाळेत मी तेव्हा तात्पुरती लिपिक होते. तात्पुरती म्हणायचं, पण त्या तात्पुरतेपणात माझे केस पिकायला लागले होते. मराठीत एम.ए. केलेलं, लग्न राहून गेलेलं, घरी वडील अंथरुणावर. ऑफिसात कायम जागा दोन. एकीवर हेडक्लार्क, दुसरीवर गावंडे. गावंडे मोर्शीकडचे, कामाशी काम ठेवणारे. एका रविवारी शेतावर गेले आणि दुचाकीवरून परत येताना रस्त्यातच छातीत कळ येऊन संपले. शाळेत सगळ्यांबरोबर मीही रडले. ते रडणं खोटं नव्हतं. पण रिकामी झालेली खुर्चीही मला दिसत होती, आणि ती फक्त मलाच दिसत होती असं नाही. शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे म्हणाले, आता सुषमाचं काम होऊन जाईल. मग समजलं की अनुकंपा तत्त्वावर गावंडेंची बायको येणार आहे. तिला काम मी शिकवायचं आहे.

ती आली ती जांभळ्या साडीत. फिकट, उदास रंगाची बाई येईल अशी आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात तयारी केली होती. ही उंच, रुंद मनगटांची, चपला फटफट वाजवत आली आणि दारातच विचारलं, 'यायची खुर्ची कोनती?' मी गावंडेंची दाखवली. ती बसली, टेबलावर दोन्ही तळवे पसरून ठेवले आणि थोडा वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, 'हं. सांगा आता काय काम असते ते.'

दुपारी संस्थेचे सचिव आले. त्यांना इंग्रजीचा फार सोस. चहाच्या आधी उभे राहून त्यांनी चार वाक्यांचं भाषण केलं, त्यात गावंडे 'डाइड इन हार्नेस' असं दोनदा म्हणाले. रेखा मान खाली घालून ऐकत होती. सचिव गेले तशी तिनं मान वर केली आणि विचारलं की हे हार्नेस म्हणजे कोणतं गाव, कारण ते तर मोर्शीच्या रस्त्यावर गेले.

हसायचं की काय करायचं कुणाला कळेना. काझी सर मात्र गंभीरपणे पुढे झाले.

काझी सर इंग्रजी शिकवायचे. अचलपूरहून रोज एसटीनं अपडाऊन करायचे. घरात उर्दू, वर्गात इंग्रजी आणि आमच्याशी स्वच्छ मराठी. दुपारचा चहा ते स्टाफरूममध्ये न घेता आमच्या ऑफिसात घ्यायचे, कारण पुस्तकांबद्दल बोलायला त्यांना मी लागायचे. दिवसातली तेवढी पंधरा-वीस मिनिटं मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

सरांनी तिला समजावून सांगितलं. बैलाला किंवा घोड्याला गाडीला जुंपताना जे सगळं त्याच्या अंगावर चढवतात, त्याला इंग्रजीत हार्नेस म्हणतात. माणूस नोकरीत असताना गेला, तर तो जुंपलेला असतानाच गेला, असा त्या बोलण्याचा अर्थ.

'म्हंजे जू, जोतं, कासरा, असं सारं?'

'तेच.'

हेडक्लार्कनी खिडकीबाहेर पाहिलं. आता ही रडणार, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, 'म्हंजे ते साहेब इंग्रजीत यायले बैल म्हणून गेले.' आणि हसली. मोठ्यानं, छातीतून. नवरा गेल्यावर ती पहिल्यांदा तेव्हा हसली, हे तिनंच नंतर सांगितलं. काझी सरांनाही हसू आवरेना. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही बोलण्यावर सर असे हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर चहाला आले ते तिच्या टेबलापाशी थांबले. रात्री त्यांनी शब्दकोश पाहिला होता. म्हणाले, तुमच्या नवऱ्याचा अपमान झाला असं मनात ठेवू नका. हा शब्द आधी जनावराचा नव्हताच. इंग्रजीत तो फ्रेंचांकडून आला, आणि तिथे त्याचा अर्थ शिपायाचं चिलखत, त्याची सगळी हत्यारं-सामान. माणसाच्या अंगावरून तो पुढे घोड्याच्या अंगावर गेला. आणि फ्रेंचांच्याही आधी, उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेत, फौजेनं बरोबर न्यायच्या शिध्याला तसा शब्द असावा असं जाणकार मानतात. 'म्हणजे मुळात,' सर म्हणाले, 'हार्नेस म्हणजे शिदोरी.'

रेखाच्या हातातला पेन थांबला. तिनं सांगितलं की त्या रविवारी सकाळी डबा तिनंच बांधून दिला होता. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. गाडी घरी आणून दिली तेव्हा डबा हँडललाच लटकलेला होता, उघडलेला नव्हता. सगळे झोपल्यावर तिनं तो उघडला. भाकर वाळून पापडासारखी झाली होती. ती तिनं पाण्यात बुडवून खाल्ली, सासूला कळू न देता.

'मंग बरोबर हाये सर,' ती म्हणाली. 'ते शिदोरी संगंच गेले.'

सरांनी चष्मा काढून पुसला. मी चहाचे कप गोळा करायला उठले.

त्या संध्याकाळी घरी न जाता मी ग्रंथालयात गेले. मराठी शब्दकोश काढला, जुनी टिपणं काढली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सहज सुचल्यासारखं म्हणाले की आपलं जोतं म्हणजे संस्कृतातलं योक्त्र, जू म्हणजे युग, आणि जुंपणं ज्या धातूपासून आलं त्याच धातूपासून योग हा शब्द आला. सर म्हणाले, 'अगदी बरोबर.' एवढंच. मग रेखाकडे वळून म्हणाले की उर्दूत बघा, साज म्हणजे घोड्याचा सरंजाम आणि साज म्हणजे वाजवायचं वाद्यही. सतार हा साज, तंबोरा हा साज.

'आमच्या इकडं पोळ्याले बैलाचा साज असते,' ती म्हणाली. 'अन् बाईचा बी असते. म्हंजे वस्तू एकच. त्याच्या गळ्यात पडली तं जोतं, आमच्या गळ्यात पडली तं दागिना.'

सर मान मागे टाकून 'वा' म्हणाले. योक्त्र शोधून काढायला मला पूर्ण संध्याकाळ लागली होती. हिनं ते वाक्य स्टेपलरमध्ये पिना भरता भरता म्हटलं.

तेव्हापासून तिला शब्दांचा नाद लागला. व्याकरणाशी तिला काही घेणं नव्हतं. नवीन माणूस भेटला की आपण जसं विचारतो तसं ती शब्दाबद्दल विचारायची, 'याचं गाव कोनतं?' शिपायाला विचारायची, दाखला न्यायला आलेल्या आयांना विचारायची, दारावर चादरी विकायला येणाऱ्या म्हाताऱ्या रहीमचाचांना विचारायची. मिळालेला शब्द ज्यानं दिला त्याच्या नावानं लक्षात ठेवायची. हा काझी सरांचा, हा चाचांचा. एकदा म्हणाली, 'योग तुमचा हाये बरं का, सुषमाताई.' मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

कामात ती सुरुवातीला कच्ची होती. टंकलेखनात ढीगभर चुका करायची, पण लपवायची नाही. 'हे चुकलं माह्यानं, पाहा बरं,' असं म्हणत कागद सरळ माझ्यापुढे धरायची. प्रवेशाच्या दिवसांत खिडकीपुढे रांग लागली की आल्या आल्या म्हणायची, 'जुंपा बावा आता.' मी तिच्या दुप्पट वेगानं काम उरकायचे, तरी खेड्यातून आलेल्या बाया माझी मोकळी खिडकी सोडून तिच्या रांगेत उभ्या राहायच्या. माझ्या भाषेत त्यांना साहेब ऐकू येत असावा.

काही महिन्यांनी तिनं मला एकटीला गाठलं. दुपारच्या सुटीत मी माझा डबा घेऊन मागच्या व्हरांड्यात बसले होते, ती येऊन शेजारी बसली. म्हणाली, 'तुमाले माह्यावर राग येत असन.'

मी नाही नाही म्हणायला लागले.

'राहू द्या. ही खुर्ची तुमाले भेटाची होती, मले मालूम हाये. तुमच्या जागी मी असती तं मले बी आला असता. राग असू द्या. पण डबा संग खात जाऊ.'

तिनं आपला डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली. त्या दिवसापासून आम्ही रोज बरोबर जेवायला लागलो. लोकांना वाटलं आता दोघींचं जमलं. जमलं होतंच. पण हेवा कमी झाला नाही. तोवर मी तिचा हेवा तिला न कळू देता करत होते, आता तो तिच्या परवानगीनं करायला लागले, आणि त्यात काही मजा नव्हती.

तिची एक जुनी स्कूटी होती. एकदा शिक्षण खात्याच्या कार्यालयात आम्हां दोघींना जायचं होतं. मी मागे बसले. ऐन उन्हात, चौकाच्या मधोमध स्कूटी बंद पडली. ढकलत गॅरेजपर्यंत नेली. घामानं माझी साडी पाठीला चिकटलेली, काम चार वाजेपर्यंत व्हायला हवं, आणि मेकॅनिक सीट उघडून म्हणाला की मॅडम, हार्नेस जळालं. रेखा जागच्या जागी उभी राहिली. काय जळालं म्हणते? त्यानं वायरींचा अख्खा जुडगा ओढून दाखवला. बत्तीची, हॉर्नची, स्टार्टरची, सगळ्या वायरी एकत्र बांधून गाडीच्या अंगावर फिरवलेल्या असतात, त्याला हार्नेस म्हणतात. ती खाली बसून तो जुडगा निरखायला लागली. मग तिथूनच काझी सरांना फोन लावला. सर, गाडीले बी असते. बैल राह्यला बाजूले, आता विजेले जुंपून राह्यले लोक. तिकडून सर बराच वेळ काहीतरी बोलत होते आणि ही हसत होती. मेकॅनिकही हातातलं काम सोडून ऐकत होता. मी घड्याळ पाहत होते. आमची दोघींची दुपार एकच वाया गेली होती, पण तिला त्यातून काहीतरी मिळालं होतं आणि मला फक्त ऊन लागलं होतं.

नववीच्या मुलींची सहल चिखलदऱ्याला गेली तेव्हा काझी सर, रेखा आणि मी, तिघंही बरोबर होतो. तिथे दोन टेकड्यांच्या मध्ये तार बांधलेली, तारेवरून माणसाला पट्ट्यांत अडकवून पलीकडे सोडतात. खाली दरी. मुलींनी एकच गलका केला, पण पट्टे बांधणारा तरुण 'चला, हार्नेस कोण घालणार' म्हणाला तशा सगळ्या मागे सरल्या. काझी सरांनी रेखाकडे पाहिलं. ती तोपर्यंत पदर खोचायला लागली होती. सहलीसाठी त्याच जांभळ्या साडीखाली लेकीची ट्रॅकपँट घालून आली होती, तिला आधीच सगळं माहीत असल्यासारखी.

'यायनं घातलं होतं म्हणते ना सारे,' ती मला म्हणाली, 'मी बी घालून पाह्यतो, कसं लागते अंगाले.'

मांड्यांना, कमरेला, खांद्यांना पट्टे आवळले गेले. तिनं एक-एक पट्टा स्वतः ओढून पाहिला. मग ती गेली. आवाज नाही, किंकाळी नाही. जांभळा ठिपका दरीवरून सरकत सरकत पलीकडे पोचला. तिकडच्या मुलानं पट्टे सोडायला हात पुढे केला, तर तिनं तो थांबवला. बराच वेळ पट्ट्यांसकट उभी राहून ती दरीकडे बघत होती. परत आली तेव्हा डोळे लाल होते. मुलींनी विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, 'घट्ट असते, पण पडू नाही देत.'

मग मुलींची रांग लागली. काझी सरही गेले, त्या वयात. मी सगळ्यांच्या पर्सा आणि चपला सांभाळत बसले. मला कुणी नाही म्हटलं नव्हतं.

गावंडे जाऊन काही वर्षं झाल्यावर रेखाबद्दल लोकांचं बोलणं सुरू झालं. रविवारी रेखा कधीकधी काझी सरांच्या घरी अचलपूरला जायची, सरांच्या बेगमशी तिचं चांगलं पटलं होतं. त्या रस्त्यावर विजय नावाचा कंडक्टर होता, बायको बाळंतपणात गेलेला. एसटीत तिनं त्यालाही कुठल्या तरी शब्दाचं गाव विचारलं असणार. एके दिवशी डबा खाताना तिनं मला सरळ सांगितलं की आम्ही लग्न करतो आहोत, लेकीला विचारलं, ती हो म्हणाली. मी घास गिळला आणि छान म्हणाले.

पंधरवड्यानं तिचा दीर ऑफिसात आला. सोबत म्हातारी सासू होती, तिला त्यानं बाकावर बसवलं. भला माणूस असावा एरवी. पण त्या दिवशी आवाज चढवून सगळ्यांदेखत म्हणाला की ही नोकरी आमच्या भावाच्या जिवावर मिळाली आहे. दुसऱ्याचं कुंकू लावायचं असेल तर आधी ती खुर्ची सोड. नियम तसा नाही, हे हेडक्लार्कनी सांगून पाहिलं. तो नियमाचं बोलतच नव्हता. काझी सर चहाचा कप हातात घेऊन दारात थांबले होते.

रेखा उठली नाही. बसूनच बोलली, हळू.

'नोकरी त्यायच्या जिवावर भेटली, हे खरं हाये भाऊजी. पण रोज इथं मी बसली. आईचं औषधपाणी मी केलं, पुढं बी करीन, तसं नोकरी लागतानाच मी लेहून देल्लं हाये अन् नसतं देल्लं तरी केलं असतं. ते बिचारे जोत्यात गेले. म्हून मी बी जोत्यातच मराव, असं कोनं लेहून ठेवलं हाये?'

दीर काहीतरी म्हणणार होता. बाकावरून म्हातारी उठली. तिला उठायला वेळ लागला. ती रेखाच्या खुर्चीपाशी आली, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि मुलाला म्हणाली, 'तू जाय गावाले. मी हिच्या संग राह्यतो. हिले म्हणा, त्या कंडक्टराले पुसून घे, म्हातारी चालन का.'

कंडक्टरला म्हातारी चालली. लग्न साधं झालं, कचेरीत. सासू नव्या घरी राहायला गेली आणि नव्या जावयासारखाच विजय तिच्या पाया पडला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या रात्री वडिलांचं अंथरूण बदलताना मला तिची सासू आठवत राहिली. कुणाची तरी खुर्ची धरून असं कुणी उभं राहिलेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही. माझ्यासाठी तर नाहीच.

पुढे मला रीतसर परीक्षेतून अकोल्याला कायम नोकरी लागली. निघताना रेखानं माझ्यापेक्षा जास्त आनंद केला, शाळाभर पेढे वाटले. वर्षभरात वडील गेले. काझी सर निवृत्त झाले त्या समारंभाला मी अकोल्याहून मुद्दाम गेले. सरांनी भाषणात अनेकांचे आभार मानले, माझंही नाव घेतलं. रेखाचं नाव घेताना मात्र त्यांना थांबून पाणी प्यावं लागलं. मी टाळ्या वाजवल्या.

मागच्या उन्हाळ्यात पेन्शनच्या कागदांसाठी अमरावतीला गेले होते. परतताना अकोल्यावरून पुढे जाणाऱ्या एसटीत चढले तर पुढच्या तीन जणांच्या सीटवर ते तिघं. खिडकीशी सासू, मध्ये रेखा, कडेला विजय. रेखा झोपली होती. केस जरा पांढरे झालेले, तोंड थोडं उघडं, डोकं नवऱ्याच्या खांद्यावर. तो ताठ बसला होता. गाडी खड्ड्यातून जायची तेव्हा तो खांदा आधीच थोडा सैल करायचा, तिला हिसका बसू नये म्हणून.

मी हाक मारायला वाकले. म्हातारीनं मला ओळखलं आणि तोंडावर बोट ठेवलं. हळूच म्हणाली की भाच्याचं लग्न होतं, दोन दिवस नुसती राबून राहिली होती, आता देवदर्शनाला चाललो आहोत. 'झोपू दे तिले.'

मी मागे जाऊन बसले. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. माणसं चढली, उतरली, कुणाची तरी पिशवी फुटून कांदे सीटखाली घरंगळले, एक पोर सारखं रडत होतं. रेखाची झोप मोडली नाही. अकोल्याला मी उतरले, त्यांना पुढे जायचं होतं. खाली उभी राहून मी खिडकीतून पाहिलं. म्हातारीनं तिच्या तोंडावर येणारं ऊन आपल्या पदरानं अडवलं होतं, आणि तो धरलेला हात ती मधूनमधून बदलत होती. विजयनं माझ्याकडे पाहून मान हलवली. तेवढ्यापुरतीच, खांदा न हलवता.

गाडी निघाली. पुढच्या पुलावरून ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. भर दुपारी, इतक्या लोकांत, एवढी गाढ झोप मला कधी लागलेली नाही.